‘धोका नाही’ म्हणजे नेमके काय?

‘तज्ज्ञांच्या मते आरोग्यास कोणताही धोका नाही’ हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा आपल्या कानांवर पडते की, ते ऐकताच मान तुकवण्याची सवय आपल्याला जडली आहे. कारखान्याचे सांडपाणी असो, कचऱ्याचे ढीग असोत की वाडीत मारले जाणारे औषध असो; प्रश्न विचारणाऱ्यापुढे हे वाक्य टाकले की चर्चा संपते. त्यावरही कोणी बोललाच, तर ‘अडाणी’, ‘विकासविरोधी’, ‘विज्ञानाचा शत्रू’ यांपैकी एखादा शिक्का त्याच्या कपाळी बसतो. प्रस्तुत लेखात आम्ही या वाक्याशी भांडणार आहोत. विज्ञानाशी आमचे भांडण नाही. सत्याचा शोध घेणारी बुद्धी ही परमेश्वराचीच देणगी आहे, असे ख्रिस्तसभा मानते. आमचे भांडण आहे ते विज्ञानाचे नाव पुढे करून नैतिक निर्णय गुपचूप उरकून टाकणाऱ्या वृत्तीशी.

या वाक्यात तीन गोष्टी झाकलेल्या असतात. तज्ज्ञ कोणत्या शास्त्राचा? त्याला विचारलेला प्रश्न कोणता? आणि धोका नाही, तो कोणाला? ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय त्या वाक्याला काहीही अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत केवळ तर्काच्या आधारे आम्ही मांडत नाही. त्यासाठी आपल्याच देशातील एक प्रकरण वाचकांसमोर ठेवतो.

केरळ राज्याच्या उत्तर टोकाला कासरगोड जिल्हा आहे. तेथील जांभ्या दगडाच्या टेकड्यांवर एका सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागा पसरलेल्या आहेत. काजूच्या मोहोरावर पडणाऱ्या ढेकण्यासारख्या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत या बागांवर हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान नावाचे कीटकनाशक फवारले जात असे. बागा माथ्यावर आणि वस्ती उतारावर, अशी तेथील रचना आहे. टेकडीच्या पोटात आडवे खोदलेले झरे, ज्यांना तेथे ‘सुरंग’ म्हणतात, ते आणि उघडे ओहोळ हेच लोकांचे पिण्याचे पाणी. वरून पडलेले विष पावसाबरोबर कोठे जाणार, हे सांगायला पदवीची गरज नव्हती.

प्रथम बोलले ते तेथील रहिवासी. व्यंग असलेली वासरे जन्मू लागल्याचे श्री पडरे या शेतकरी-पत्रकाराने लिहिले. मतिमंदत्व, अपस्मार, जन्मजात व्यंगे आणि कर्करोग यांचे प्रमाण एवढ्याशा परिसरात इतके का, असा प्रश्न डॉ. मोहनकुमार या खेड्यात दवाखाना चालवणाऱ्या वैद्याला पडला आणि १९९० च्या दशकात त्यांनी तो आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडला. लीलाकुमारी अम्मा या खुद्द कृषी खात्याच्या कर्मचारी. त्या फवारणीविरुद्ध न्यायालयात गेल्या.

नंतर तज्ज्ञ आले. २००१ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने पाणी, माती, दूध व रक्त यांचे नमुने तपासले आणि त्यांत एंडोसल्फानचे मोठे प्रमाण आढळल्याचे जाहीर केले. त्याच सुमारास महामंडळाच्या वतीने तपासणी करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला चिंतेजोगे काहीच सापडले नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेचे संशोधक पडरे गावात गेले. त्यांनी तेथील शाळकरी मुलांची तुलना फवारणी न झालेल्या दुसऱ्या गावातील मुलांशी केली. बाधित गावात शिकण्यातील व वर्तनातील दोष तसेच जन्मजात व्यंगे अधिक असल्याचे आणि मुलग्यांची लैंगिक वाढ लांबल्याचे त्यांना दिसले. त्यांच्या कामाचा एक भाग २००३ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला. आणि त्याच २००३ साली केंद्रीय कृषी मंत्रालयाने नेमलेल्या दुबे समितीने निष्कर्ष काढला की, एंडोसल्फान व हे आजार यांचा संबंध प्रस्थापित होत नाही!

एकच गाव, एकच विष, तीच मुले. आणि सरकारच्याच दोन खात्यांच्या तज्ज्ञांचे निवाडे परस्परविरुद्ध. हे कसे झाले? ‘एक बाजू विकली गेली होती’ असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते उत्तर आळशीपणाचे आहे आणि बहुधा अन्यायाचेही. खरे उत्तर अधिक खोल आहे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

प्रत्येक शास्त्राची एक खिडकी असते. कीटकशास्त्रज्ञ विचारतो, ‘कीड किती मेली, पीक किती वाचले आणि रसायनाचे अवशेष किती दिवस टिकतात?’ विषशास्त्रज्ञ प्रयोगशाळेतील उंदरांवर मात्रा मोजतो. एका वेळी एक रसायन, एक प्राणी, ठरलेला काळ. साथरोगशास्त्रज्ञ माणसांचे दोन समूह शेजारी ठेवून त्यांतील फरक योगायोगाचा आहे काय, हे गणिताने पारखतो. अभियंता यंत्र बिघडण्याची शक्यता काढतो. अर्थतज्ज्ञ नफा-तोट्याच्या रकान्यात मृत्यूही मांडतो. आणि गावचा डॉक्टर आपल्यासमोर बसलेले मूल पाहतो. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल. पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असल्याने प्रत्येकाचे ‘धोका नाही’ वेगळे असते. कीटकशास्त्रज्ञाच्या ‘धोका नाही’ या शब्दांचा अर्थ पुष्कळदा एवढाच की, ‘औषध सांगितल्याप्रमाणे वापरले तर’. ओहोळाचे पाणी पिणाऱ्या बाईच्या कानांवर मात्र त्यातला ‘तर’ पडत नाही.

साथरोगशास्त्राचीच गोष्ट घ्या. निव्वळ योगायोगाने तसा फरक दिसण्याची शक्यता विसात एक याहून कमी असल्याशिवाय तो ‘लक्षणीय’ मानायचा नाही, असा तेथे सर्वसाधारण संकेत आहे. संशोधकाने उतावीळपणे खोटी आरोळी ठोकू नये म्हणून हा संकेत आहे आणि ग्रंथालयात तो योग्यच आहे. पण खेडे लहान असते. दोन-तीनशे मुलांच्या तपासणीत दुर्मीळ आजाराचा फरक या कसोटीवर उतरणे फार कठीण. मग अहवालात लिहिले जाते, ‘संबंध सिद्ध झाला नाही’. मंत्रालयात पोहोचेपर्यंत त्याचे होते, ‘संबंध नाही’. आणि गावात पोहोचेपर्यंत, ‘तुमची तक्रार खोटी आहे’. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. तरीही हे अंतर रोज पुसले जाते आणि ते पुसणारे बहुधा शास्त्रज्ञ नसतात, त्यांचा उपयोग करून घेणारे असतात.

हा भेद केवळ आपल्याकडचा आहे, असेही नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाविषयी मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितले की, ते माणसात बहुधा कर्करोगकारक आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितले की, तसा धोका संभवत नाही. पहिल्या संस्थेचा प्रश्न होता, ‘या पदार्थाच्या अंगी कर्करोग करण्याचा गुण आहे काय?’ दुसरीचा प्रश्न होता, ‘अपेक्षित वापरात लोकांना तो बाधेल काय?’ वाघ हिंस्र आहे काय आणि पिंजऱ्यातला वाघ प्रेक्षकाला खाईल काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पिंजऱ्याच्या गजांवर अवलंबून असते. आपल्या शेतांत ते गज किती मजबूत आहेत, याचे उत्तर युरोपातील तज्ज्ञ देऊ शकत नाहीत.

तज्ज्ञांचे मत त्यांच्या शास्त्राप्रमाणे बदलते, तसेच ते बसण्याच्या जागेप्रमाणेही बदलते. १९९२ साली क्राउस, माल्मफोर्स आणि स्लोविक या संशोधकांनी विषशास्त्रज्ञांनाच प्रश्न विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. रसायन-उद्योगात नोकरी करणारे विषशास्त्रज्ञ रसायनांकडे विद्यापीठांतील व सरकारी सेवेतील आपल्या बंधूंपेक्षा अधिक सौम्य दृष्टीने पाहतात, असे त्यांना आढळले. शिक्षण तेच, पुस्तके तीच. यात लाचलुचपतीचा संबंध नाही. ज्या घरात आपण राहतो त्या घराचा वास आपल्याला येत नाही, इतकेच. म्हणूनच अहवाल हाती आला की त्याचा खर्च कोणी केला, हे पाहणे म्हणजे कोणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणे नव्हे. तो साधा विवेक आहे.

कधी कधी तर सत्य अगदी परक्या शास्त्राच्या दारातून येते. अमेरिकेत १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिसे मिसळू लागले. पुढल्याच वर्षी ते बनवणारे कामगार वेड लागून मेले, तेव्हा ॲलिस हॅमिल्टन या व्यवसायजन्य रोगांच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी धोक्याची जाणीव दिली. पण त्यानंतर चाळीसएक वर्षे उद्योगाच्या आश्रयाने काम करणारे डॉ. रॉबर्ट किहो यांचा शब्द प्रमाण मानला गेला. शरीरात थोडे शिसे असणे स्वाभाविकच आहे, विशिष्ट मर्यादेखाली ते निरुपद्रवी आहे, असे ते सांगत. त्यांना १९६५ साली आव्हान दिले ते क्लेअर पॅटरसन यांनी. ते डॉक्टर नव्हते, भूरसायनशास्त्रज्ञ होते. पृथ्वीचे वय मोजताना प्रयोगशाळेत सगळीकडे शिरलेल्या शिशाने त्यांना जेरीस आणले होते. त्यांनी दाखवून दिले की, आज सर्वांच्या शरीरात आढळते म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही. सर्वच विषारी हवेत श्वास घेत असतील तर सर्वांची सरासरी हे आरोग्याचे माप कसे होईल? ‘तुमचा हा विषय नव्हे’ असे त्यांनाही ऐकावे लागले. आणि ‘सुरक्षित’ मर्यादेचे काय झाले? मुलांच्या रक्तातील शिशाबाबत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने काळजीची पातळी १९८५ मध्ये डेसिलिटरमागे २५ मायक्रोग्रॅम ठेवली होती, १९९१ मध्ये ती १० केली, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, शिशाची निर्धोक पातळी ज्ञात नाही. भारतात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले ते २००० साली. दरम्यानच्या पिढ्यांची मुले त्या त्या काळच्या ‘सुरक्षित’ आकड्याखाली वाढली. त्यांची हरवलेली बुद्धी कोणत्या समितीने परत केली?

येथे आमचे काही सुशिक्षित वाचक म्हणतील, ‘फादर, मग तज्ज्ञांना बाजूला सारून लोकांच्या अफवांवर विश्वास ठेवायचा काय?’ आक्षेप रास्त आहे. आपल्या धर्मग्रामांतही लसीविषयी निराधार भीती पसरवणारे निरोप मोबाइलवर फिरतात आणि तोंडाला फडके न बांधता फवारणी करणारा माणूस शेजारच्या मनोऱ्याविरुद्ध तावातावाने बोलतो. भीती हा पुरावा नव्हे. कासरगोडमधील प्रत्येक आजार एंडोसल्फानमुळेच झाला, असेही आम्ही म्हणत नाही. तेथील अभ्यासांतील उणिवा दाखवणारे कृषिशास्त्रज्ञ आहेत आणि त्यांचेही ऐकले पाहिजे. पण लोकांच्या भीतीला निव्वळ अज्ञान समजणे हाही एक अडाणीपणाच. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्येच दाखवून दिले होते की, सामान्य माणूस केवळ मृतांची संख्या मोजत नाही. हा धोका मी स्वखुशीने पत्करला की माझ्यावर लादला? तो माझ्या ताब्यात आहे काय? लाभ कोणाला आणि झळ कोणाला? पुढच्या पिढीला त्याची बाधा होईल काय? असे प्रश्न तो मनाशी विचारतो. हे अडाण्याचे प्रश्न नव्हेत. हे न्यायाचे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेतील काचेच्या नळीत सापडत नाहीत.

आमच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. पुरावा अपुरा असताना काय करायचे, हा शास्त्रीय प्रश्न नाही. तो नैतिक प्रश्न आहे. शंकेचा फायदा विषाला द्यायचा की मुलाला? न्यायालयात शंकेचा फायदा आरोपीला मिळतो, कारण आरोपी माणूस असतो आणि निरपराध माणसाला शिक्षा होणे हा घोर अन्याय आहे. रसायनाला असा कोणताही मूलभूत हक्क नाही. तरी आपण डब्यातल्या द्रवाला निर्दोष मानून पाळण्यातल्या जिवाकडे पुरावा मागतो!

पवित्र शास्त्रात लेवीय या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या चट्ट्यांविषयी नियम आहेत. प्रवचनांत ते क्वचितच येतात, पण आमच्या विषयाला ते नेमके लागू पडतात. घरमालक याजकाकडे येतो आणि आपल्या घरात काहीतरी रोगासारखे दिसते, एवढेच सांगतो. याजक त्याच्याकडे पुरावा मागत नाही. पाहणीला जाण्यापूर्वीच तो घर रिकामे करायला लावतो, मग स्वतः जाऊन भिंती पाहतो, घर सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून नगराबाहेर टाकले जातात. पसरला नसेल तर घर शुद्ध ठरते. या जुन्या नियमांत आरोग्यशास्त्र शोधण्याचा आमचा हेतू नाही. पण त्यातला क्रम पाहा. राहणाऱ्याचे म्हणणे प्रथम, माणसांची सुटका त्यानंतर, तपासणी तिच्यामागून आणि निवाडा सर्वांत शेवटी. तोही पुन्हा पाहिल्यावर. आमच्या काळात हा क्रम उलटा झाला आहे. निवाडा आधी येतो, तपासणी मागाहून होते, माणसे आत कोंडलेली राहतात आणि राहणाऱ्याचे ऐकायला कोणीच नसते.

१९९२ च्या रिओ परिषदेने सावधगिरीचे हेच तत्त्व राष्ट्रांसमोर ठेवले. तरुणपणी रसायन-तंत्रज्ञाचे शिक्षण घेतलेले दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याचा पुरस्कार केला. गंभीर व भरून न येणाऱ्या हानीची चिन्हे असतील, तर निर्विवाद पुराव्याची वाट न पाहता थांबावे आणि हानी होणार नाही हे दाखवण्याची जबाबदारी योजना आणणाऱ्यावर असावी, असा त्याचा आशय आहे. शास्त्रीय वाद सोडवण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, हेही त्यांनी तेथेच नम्रपणे मान्य केले. पण चर्चेच्या मेजावर स्थानिक रहिवाशांना विशेष जागा असली पाहिजे, असे त्यांनी ठासून सांगितले.

कासरगोडचा शेवट काय झाला? एप्रिल २०११ मध्ये स्टॉकहोम कराराच्या राष्ट्रांनी एंडोसल्फान हद्दपार करण्याचे ठरवले. १३ मे २०११ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्याचे उत्पादन व विक्री थांबवली. जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश झाला आणि २०२२ मध्येही दिरंगाईबद्दल न्यायालयाला राज्य सरकारला खडसवावे लागले. तज्ज्ञांचा वाद चालू होता, तोवर एक पिढी अंथरुणावर मोठी झाली होती.

हे सारे दूरच्या केरळात घडले, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हाही सांगण्यात आले की, त्यांनी हातमोजे, मुखपट्टी व संरक्षक पोशाख वापरला नव्हता. भर उन्हात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन रोजंदारीवर राबणारा मजूर तो पोशाख घालील, असे गृहीत धरून ज्याने त्या विषाला ‘सुरक्षित’ म्हटले, त्याच्या तज्ज्ञतेत शेत होते, मजूर नव्हता. आणि आपणही त्या विषाला ‘औषध’ म्हणतो! वाडीवर ‘औषध मारले’ म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. शब्दच निर्धास्त असेल, तर हात सावध कसा राहील?

म्हणून हरित वसईच्या झेंड्याखाली पाणी आणि झाडे यांसाठी रस्त्यावर उतरलेल्या आपल्या समाजाला आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. तो अहवाल प्रकल्प आणणाऱ्याच्या खर्चाने तयार झालेला असतो, हे ध्यानात ठेवून सारांश मागून घ्या, घरी बसून वाचा. आपल्या धर्मग्रामांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, रसायन-कारखान्यांत काम केलेले आहेत, शिक्षक व वकील आहेत, आणि विहिरीच्या पाण्याची चव कोणत्या वर्षी बदलली हे सांगणाऱ्या आजीबाईही आहेत. या सर्वांना एकत्र बसवा. एकाच खिडकीतून पाहू नका. आजार, गर्भपात, मेलेली जनावरे, बदललेले पाणी यांची तारीखवार नोंद ठेवा. कासरगोडच्या डॉक्टरांचे बळ आरडाओरड्यात नव्हते, निरीक्षणात होते. आणि सुनावणीत कोणी ‘धोका नाही’ म्हटले की शांतपणे, सभ्य शब्दांत विचारा: तुमचे शास्त्र कोणते? तुम्ही नेमके काय मोजले आणि काय मोजले नाही? तुमचा अंदाज चुकला तर झळ कोणाला लागेल आणि ती भरून कोण देईल? तुमची मुले येथे राहणार आहेत काय?

या प्रश्नांना जो तज्ज्ञ सरळ उत्तरे देईल, आपल्या ज्ञानाची सीमा स्वतःहून सांगेल, त्याचे आम्ही मनापासून स्वागत करू. असे प्रामाणिक शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत आणि कासरगोडच्या मुलांना शेवटी त्यांचाच आधार मिळाला. जो उत्तर न देता पदव्या पुढे करील, त्याच्या अहवालावर आपल्या ग्रामसभेने संमतीचा ठराव करू नये.